एक आवा पेटवू देण्याबाबत

अर्जदार : प्रस्तुत लेखक, वय पन्नाशीच्या आतबाहेर, व्यवसाय अर्जनवीस, बसण्याची जागा वाशीम जिल्ह्यातील मालेगावच्या तहसील कार्यालयासमोर, लिंबाखालील टेबल.

जिच्याकरिता अर्ज : लेखकाच्या थोरल्या भावाची विधवा पत्नी, व्यवसाय कुंभारकाम, राहणार रिसोड रस्त्यावरील आमचे गाव.

ज्याविरुद्ध अर्ज : कुंभाराचा आवा चौकशी होईपर्यंत बंद ठेवण्याचा ग्रामसभेचा ठराव.

वादाची वस्तू : पाणी गाळणारी मातीची मडकी, जी ग्रामपंचायतीच्या खोलीत कुलपाआड आहेत.

घटनेचा काळ : यंदाच्या संक्रांतीपासून अखजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, आणि तेथून आजतागायत.

साक्षीदार : एक, गावातील सेवानिवृत्त शिक्षक. दोन, फेरफाराच्या कामाने माझ्याकडे आलेला एक शेतकरी. तीन, खापराचा एक तुकडा, जो हे लिहीत असताना माझ्या सदऱ्याच्या खिशात आहे.

कोणत्याही अर्जात नाव आधी येते आणि गाऱ्हाणे मागून. येथे नावे मी मुद्दाम गाळली आहेत. ज्यांच्याकरिता हा सगळा खटाटोप आहे त्यांनीच तशी अट घातली, आणि ती अट मला मान्य नसतानाही मी पाळतो आहे.

मूळ अर्ज दोन पानांचा होता. तो देऊन झाला, पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही. तेव्हापासून मला खुर्चीवर नीट बसवत नाही. पक्षकार समोर उभा असतो, मी ‘महोदय’ लिहितो आणि उठतो, चहाच्या टपरीपर्यंत जातो, चहा न घेता परत येतो आणि पुन्हा ‘महोदय’ लिहितो. तालुक्यात माझ्या हातच्या अर्जाला वजन आहे. कारकून मंडळी अक्षर ओळखतात. माझे शिक्षण नववीपर्यंत झाले. पण ज्यांचे पंधरावीपर्यंत झाले तेही माझ्याकडून अर्ज लिहून नेतात, हे येथे नमूद करणे गैर ठरू नये. अशा माणसाच्या स्वतःच्या घरचा अर्ज पडून राहावा, ही गोष्ट मला आत कुठेतरी टोचत राहते. म्हणून दोन पानांत जे बसले नाही ते येथे सविस्तर मांडतो.

आमचे घराणे कुंभाराचे. वडिलांचे चाक थोरल्या भावाकडे गेले, आणि भाऊ गेल्यानंतर ते वहिनीकडे आले. मी चाकावर कधी बसलो नाही. माती मळण्यापुरता माझा संबंध होता, तोही मिसरूड फुटण्यापूर्वीच संपला. वहिनी अंगाने किरकोळ आणि आवाजाने भरभक्कम. गावातल्या कोणाचे ऐकून घेणे त्यांच्या स्वभावात नाही. त्यांचा मुलगा पुण्याला कंपनीत आहे आणि तो दर रविवारी फोनवर एकच गोष्ट सांगतो, की आता बस कर आणि इकडे ये. वहिनी दर रविवारी त्याला सांगतात, की आव्यातला माल निघू दे, मग पाहू. आव्यातला माल निघाला की दुसरा लागतो, त्यामुळे हे उत्तर बरीच वर्षे पुरले.

संक्रांतीनंतर गावात बचत गटाच्या बायांसाठी एक प्रशिक्षण झाले. वाशीमहून एक प्रशिक्षक आले होते. विषय असा, की आपल्याच मातीचे गाळणी मडके तयार करावे, ते मोठ्या माठाच्या तोंडावर बसवावे, वर गढूळ पाणी ओतावे आणि खाली माठात निवळ पाणी उतरावे. माठाला नळ. वीज नाही, खर्च नाही. बाया वळतील, वहिनी भाजतील, आणि पहिली खेप गावातल्याच बालवाडीला, शाळेला आणि काही घरांना द्यायची, असे ठरले.

मी प्रशिक्षणाला हजर होतो. बोलावणे नव्हते, पण काही लेखी काम निघाले तर असावे म्हणून गेलो, आणि बसल्याबसल्या सगळे समजून घेतले. ते येथे सांगतो, कारण ते समजल्याशिवाय पुढचा अन्याय समजणार नाही.

साधे मडके घ्या. ते कोरडे असते तेव्हा त्याच्या भिंतीत डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रे असतात. मातीच्या कणाकणांमध्ये जी फट राहते, तीच ही छिद्रे. पाणी त्यांतून हळूहळू बाहेर येते, अंगावर वाळते आणि वाळता वाळता आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. माठातले पाणी थंड होते ते यामुळे. उन्हात माठ घामेजला नाही तर तो माठ कामाचा नाही, हे आमच्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. परंतु माठाची छिद्रे बारीक आणि अपुरी. त्यांतून पाणी घामासारखे येते, गाळून घेण्याइतके येत नाही. गाळायचे तर छिद्रे वाढवावी लागतात, आणि मातीला सुई टोचून ती वाढत नाहीत. प्रशिक्षकांची युक्ती अशी होती, की मातीत असे काही मिसळावे जे भट्टीत जळून जाईल. ते जळाले की त्याची जागा रिकामी राहते. म्हणजे पाहुणा निघून जातो आणि त्याची खोली तेवढी मोकळी होते. अशा खोल्या एकमेकींना लागून असल्या तर पाण्याला भिंतीच्या या अंगाहून त्या अंगाला वाट मिळते. वाट मात्र इतकी वाकडीतिकडी आणि अरुंद, की पाणी निघते, गाळ अडकतो, आणि जंतूंचाही मोठा भाग आतच राहतो.

मिसळायचा तो पदार्थ म्हणजे लाकडाचा भुसा. मालेगावच्या आरा मशीनवरून पोती आणली. वहिनींना ते पाहूनच राग आला. मातीतला एक एक खडा वेचण्यात त्यांचा जन्म गेला होता, आणि हे गृहस्थ मातीत कचरा घाला म्हणत होते. त्यांनी प्रशिक्षकांना तोंडावर विचारले, की मडके भाजायचे आहे की होळी करायची आहे. प्रशिक्षक सज्जन होते, हसले.

पहिली खेप वहिनींच्या हट्टामुळे वाया गेली. भुसा पिठाच्या चाळणीने चाळा, असे सांगितले होते. वहिनींनी चाळला नाही, आणि घातला तोही हाताच्या अंदाजाने, जास्त. भाजून निघालेली मडकी पावासारखी झाली. बोटाने दाबले की भुगा. दुसऱ्या खेपेला त्यांनी राग म्हणून जळणाच्या पऱ्हाट्या आणि तुराट्या दुपटीने लावल्या. आच इतकी चढली की मातीचे अंग वितळल्यासारखे होऊन मिटले. त्या मडक्यांना टिचकी मारली तर कशी घंटेसारखी वाजत, दिसायला देखणी. पण वर ओतलेले पाणी वरच राहिले. तेव्हा मला कळले, की या कामात आच कमी झाली तर भुसा पुरता जळत नाही आणि खापराच्या पोटात काळा थर राहतो, आणि आच जास्त झाली तर मोकळ्या झालेल्या खोल्या पुन्हा बंद होतात. मधली जी जागा आहे ती अरुंद आहे. ती वहिनींना तिसऱ्या खेपेला सापडली. एक भांडे चाळलेला भुसा, दोन भांडी चाळलेली तळ्याची माती, कोरडेच एकत्र, मग पाणी. सावलीत सावकाश वाळवण. आव्यात सुरुवातीला नुसता गोवऱ्यांचा धूर, कारण एकदम जाळ दिला की आतली वाफ मडके फोडून बाहेर येते. नंतर हळूहळू आच. आवा म्हणजे आमची उघडी भट्टी, वरून मातीने आणि राखेने लिंपलेली. ती उघडल्यावर मडकी विटकरी निघाली, हाताला हलकी. ती रात्रभर पाण्यात भिजवली, मग पाण्याने भरून माठांवर ठेवली. पाणी थेंब थेंब उतरू लागले. वहिनी उकिडव्या बसून ते थेंब बघत राहिल्या.

परीक्षा झालेली मडकी उन्हात वाळवली आणि वाटप होईपर्यंत गटातल्या बायांच्या घरी ठेवायला दिली. ती या घरातून त्या घरात फिरत राहिली, कारण कोणाकडे लग्न होते, कोणाकडे जागा कमी होती.

अखजीच्या काही दिवस आधी वाटप झाले. आमच्याकडे अखजीला नवा माठ भरतात, पितरांना पाणी देतात आणि मगच घरचे लोक त्या माठाचे पाणी पितात. वहिनींचा वर्षाचा सगळा पैसा आणि सगळा मान याच सणावर असतो. यंदा त्यांनी घट, माठ आणि लहान मडकी अंगणभर मांडून ठेवली होती. आणि अखजीच्या आदल्या बाजारी गावात बोलणे सुरू झाले, की गाळणी मडक्यांतून पाणी उतरतच नाही. एक थेंब येतो तर दुसऱ्याची वाट पाहावी लागते. चार दिवसांत बोलणे बदलले. पाण्याला वास येतो. आंबूस, नासका. बालवाडीतल्या मुलांना ते पाणी दिलेच नाही म्हणून कोणी आजारी पडले नाही, ही देवाची कृपा. परंतु अखजीला वहिनींच्या अंगणातून फार थोडे घट उचलले गेले. लोक रिसोडच्या बाजारातून माठ घेऊन आले आणि आमच्या दारावरून घेऊन गेले. एक बाई तर माठ पदराआड धरून गेली. वहिनी ओट्यावर बसून मोठ्याने म्हणाल्या, की झाकू नको, मातीचाच हाय, माह्याच जातीचा हाय.

ग्रामसभा भरली. मी तालुक्याहून मुद्दाम लवकर आलो होतो आणि पुढे बसलो होतो. सरपंच वाईट मनुष्य नाहीत. लहान मुलांच्या पाण्याचा प्रश्न होता आणि त्यांना रात्रंदिवस लोक विचारत होते. त्यांनी एक मडके टेबलावर मागवले, त्यातले पाणी ओंजळीत घेतले, तोंडाजवळ नेले आणि चेहरा फिरवला. वहिनी उठून म्हणाल्या, की माझ्या अंगणातून गेली तेव्हा ही मडकी चांगली पाझरत होती. मागून कोणीतरी म्हणाले, “पाझरत होते म्हंजे फुटकेच होते ना, वहिनी?” सगळी सभा हसली. वहिनी होत्या तेथेच खाली बसल्या. मला उत्तर सुचले होते, पण मी उभा राहेपर्यंत टेबलाला कोणाचा तरी धक्का लागला आणि ते मडके खाली पडून फुटले, आणि त्या गोंधळात ठराव झाला, की पाण्याची आणि मडक्यांची चौकशी होईपर्यंत आवा पेटवू नये आणि सर्व मडकी ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेवावीत. खापराचे तुकडे कोणीतरी झाडू लागले. मी एक उचलला आणि खिशात घातला. का उचलला, हे त्या वेळी मला सांगता आले नसते.

चौकशी कोण करणार, कधी करणार, ठरावात काही नव्हते. असे ठराव मी पुष्कळ पाहिले आहेत. ज्या चौकशीला मुदत नाही ती चौकशी म्हणजे नकारच. वहिनींच्या छपरात कच्चा माल भरलेला होता, वळलेला, वाळलेला, न भाजलेला. न भाजलेल्या मडक्याला पावसाळी हवा लागली की ते खचते आणि पुन्हा चिखल होते. त्या रविवारी मुलाचा फोन आला तेव्हा वहिनींनी नेहमीचे उत्तर दिले नाही. त्या म्हणाल्या, की पावसाआधी आवा पेटला नाही तर येते. फोन ठेवून त्यांनी चाकावर पोते टाकले. मी ते पाहिले आणि मला अंगणात उभे राहवेना.

दुसऱ्या दिवसापासून माझा त्या तुकड्याशी चाळा सुरू झाला. टेबलावर ठेवायचा, उलटायचा, खिशात घालायचा, काढायचा. लहानपणी आम्ही भाजलेले ताजे खापर जिभेला लावत असू. सच्छिद्र खापर जिभेचा ओलावा शोषून घेते आणि जिभेला चिकटते. ओढले की चट्कन सुटते. कुंभाराच्या घरातल्या मुलांचा तो खेळच असतो. एका दुपारी, समोर फेरफाराचा शेतकरी बसलेला असताना, मी तो तुकडा नकळत जिभेला लावला. तो शेतकरी थोडा वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, “काहो, चाहा महाग झाला काय? खापर चाटून राह्यले.”

खापर जिभेला चिकटले नव्हते. बशीसारखे गुळगुळीत राहिले आणि खाली आले. मी तुकडा कोरडा पुसून पुन्हा लावला. नाही. भाजलेल्या मातीत ज्या खोल्या मोकळ्या होत्या, त्यांत कोणीतरी येऊन बसले होते. मी त्या शेतकऱ्याचा अर्ज अर्धा टाकून उभा राहिलो. तो मागून ओरडत होता, की सही तर घ्या. मी मिळेल त्या जीपने गाव गाठले.

वहिनींनी आधी माझ्याकडे आणि मग तुकड्याकडे पाहिले, आणि तो स्वतःच्या जिभेला लावला. मी तो मध्ये मोडून अर्धा ठेवून घेतला, आणि उरलेला अर्धा त्यांनी चुलीच्या निखाऱ्यांत सरकवला. थोड्या वेळाने करपल्याचा वास येऊ लागला. मी म्हणालो, भाकर करपते आहे. वहिनी म्हणाल्या, की तव्यावर भाकर नाही. आम्ही दोघे चुलीपुढे वाकलो. वास खापरातून येत होता. ज्वारीच्या करपत्या भाकरीचा, दुसरा कसलाच नाही. खापर आधी काळे पडले. वहिनींनी ते राखेखाली निखाऱ्यांतच राहू दिले आणि सकाळी काढले तेव्हा ते पुन्हा विटकरी झाले होते. जिभेला लावले. चिकटले. इतके, की सोडवताना मला दुखले.

“पीठ,” वहिनी म्हणाल्या. “माह्या मडक्यात कोनं तरी पीठ टाकलं, भाऊजी.”

मी त्याच दिवशी निवृत्त शिक्षकांना बोलावले. ते बौद्ध वस्तीत राहतात, गावातले सर्वांत जुने पेन्शनर, आणि त्यांच्या साक्षीला तालुक्यातही किंमत आहे. कुलूपबंद मडक्यांचे तुकडे मिळण्यासारखे नव्हते. पण माझा तुकडा मी मध्ये मोडला होता आणि अर्धा न भाजता ठेवला होता, ही दूरदृष्टी मी दाखवली होती हे नमूद करतो. शिक्षकांनी खिशातून रुमाल काढला, दोन्ही अर्धे पुसले, चष्मा वर केला, आणि एक एक करून दोन्ही जिभेला लावले. नंतर म्हणाले, की फरक आहे, आणि मी तसे लिहून देतो.

मला आता गुन्हेगार हवा होता. कोणाचा तरी हेवा, कोणाचे तरी जुने भांडण; मी मनात अर्जाचे मसुदे रचू लागलो. गटातल्या सगळ्या घरांतून मडकी फिरली होती. वहिनींनी घरोघर जाऊन विचारले नाही. त्यांनी फक्त पाण्याच्या टाकीवर, बायांच्या गर्दीत, एवढेच बोलून ठेवले, की मडक्यांत पीठ निघाले.

तिसऱ्या प्रहरी एक बाई आली. गटातलीच. ती कोण, हे मी लिहीत नाही. तिचे घर कोणत्या आळीत हेही लिहीत नाही. मी बाजेवर बसून मसुदा करत होतो. ती दारातच उभी राहिली आणि वहिनींनी दिलेले पाणी तिने घेतले नाही.

“म्या टाकलं,” ती म्हणाली. “ज्वारीच्या पिठाचा घाटा करून. सगळ्यायले.”

मग तिने सांगितले ते असे. प्रशिक्षणातले सांगणे तिने माती चाळता चाळता अर्धेच ऐकले होते, आणि परीक्षेच्या दिवशी ती नात्यातल्या लग्नाला गेली होती, त्यामुळे पाणी उतरताना तिने पाहिले नव्हते. पाणी माठाच्या नळातून गाळून येते, वरचे मडके गळता कामा नये, असा तिचा समज. मडकी तिच्या घरी आली तेव्हा तिने सहज एक भरून ठेवले, आणि सकाळी पाहते तर जमीन ओली. दुसरे भरले, तेही तसेच. तिला वाटले सगळीच गळकी निघाली. आमच्याकडे नवे मडके गळते तेव्हा घरोघरी बाया एकच उपाय करतात. पातळ घाटा शिजवतात, गरम गरम आत ओततात, एक रात्र ठेवतात. पिठाचा चिकटा छिद्रांत जाऊन बसतो आणि मडके गळायचे थांबते. तिच्या आईने केले, तिच्या सासूने केले. तिनेही केले. एकेक मडके, आतून, हाताने फिरवून, आणि वरून पुसून ठेवले की कोणाला कळू नये.

“मले सांगाचं ना बाई,” वहिनी म्हणाल्या.

“तुमाले सांगतलं असतं तर तुमचाच जीव खाली-वर झाला असता. पह्यल्या दोन खेपा वाया गेल्या होत्या. मले वाटलं, तिसरीबी गयते, आता गावात हसं होईन तुमचं. म्हनून गुपचूप केलं.” आणि मग, जमिनीकडे पाहत, “तुमची इज्जत राहावी म्हनून केलं.”

वहिनींनी विचारले, की घाटा किती पातळ केला होता. त्या बाईने सांगितले. वहिनी म्हणाल्या, “बरा केला. म्हनून तर एक थेंब खाली येऊ देल्ला नाई. तुह्या हातचा घाटा चांगलाच असते.” ती बाई रडत होती आणि तशात तिला हसू आले. मग तिने पाणी घेतले.

मी मात्र बाजेवरून उठलो होतो. कारण पुरावा माझ्यासमोर उभा होता. कबुली, साक्षीदार, वस्तू. मी वहिनींना सांगितले, की हिच्या नावाने एक जबाब लिहून घेतो, हिची सही घेतो, उद्या सकाळी ठराव रद्द होईल. वहिनींनी माझ्या हातातला कागद पाहिला.

“तिचं नाव टाकू नका, भाऊजी.”

मी समजावून सांगितले. नाव नसेल तर अर्ज लंगडा पडतो. पीठ टाकणारा कोण, हे विचारल्याशिवाय कोणी राहणार नाही. तुमचा आवा जातो, तुमचे नाव गेलेच आहे. वहिनींनी सगळे ऐकले. त्या म्हणाल्या, “मले नासक्या पान्याची कुंभारीन म्हन्तात, ते मी एकटीनं आयकलं. आता तिच्यामागं लावू? माह्यासाठी तिनं रातभर घाटा शिजवला, अन् मी तिले सभेत उभी करू? तुमाले लिवता येते ना एवढं, मंग तिच्याबिगर लिवा.”

माझ्या इतक्या वर्षांच्या व्यवसायात दोषी माणसाशिवाय अर्ज मी कधी लिहिला नव्हता. वारसाच्या अर्जात भाऊबंद असतात, रस्त्याच्या अर्जात शेजारी असतो, निदान कर्मचारी तरी असतो. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी मी मसुदे लिहिले आणि फाडले. ‘अज्ञात इसमाने’ लिहिले. ते खोटे होते, इसम ज्ञात होता. ‘अनवधानाने’ लिहिले, मग कोणाच्या, हा प्रश्न आला. अखेर माझ्या लक्षात आले, की दोषी शोधण्याचे कारणच नाही. चुलीतल्या तुकड्याने वाट दाखवली होती. भाजलेली माती पुन्हा भाजता येते. लाकूड जळून जाते, कापड जळून जाते, पीठ जळून जाते. भाजलेली माती तेवढ्या आचेला तशीच राहते. जी आच भुसा काढू शकते ती घाटाही काढेल. मडकी परत आव्यात गेली, की खोल्या पुन्हा मोकळ्या. म्हणजे ज्या आव्याला बंदी आहे, तोच आवा या प्रकरणात साक्ष देऊ शकतो. दुसऱ्या कोणाच्या सहीची गरज नाही.

हे मी अर्जात लिहिले आणि सोबत शिक्षकांचे निवेदन जोडले. सरपंचांनी अर्ज उभ्याउभ्याच वाचला. मी त्यांना दोन्ही तुकडे दाखवले आणि जिभेला लावून पाहण्याची विनंती केली. त्यांनी तुकड्यांकडे पाहिले, हात लावला नाही. म्हणाले, “खापर चाटून ठराव बदलत नसते, अर्जनवीस. अन् पीठ आलं कुठून, हे तुमी लिवलं नाई.” मी म्हणालो, की ते लिहिणार नाही. ते म्हणाले, की मग चौकशी होऊ द्या. पोचेवर शिक्का मिळाला.

तेव्हापासून मी रोज एकदा ग्रामपंचायतीसमोरून जातो. खिडकीतून मडकी दिसतात, एकात एक घातलेली, वर कोणीतरी जुन्या सतरंज्या टाकल्या आहेत. आभाळ भरून येते आणि जाते. छपरातल्या कच्च्या मालाला वहिनी सकाळी एका बाजूला हलवतात, संध्याकाळी दुसऱ्या. चाकावरचे पोते तसेच आहे. मुलाने तिकीट काढू का म्हणून विचारले. वहिनी म्हणाल्या, की भाऊजींच्या अर्जाचे उत्तर येऊ दे. हे त्यांनी माझ्यासमोर म्हटले. गावात, तालुक्यात, कुठेही माझ्या लेखणीवर एवढा मोठा भार कोणी टाकला नव्हता, आणि मी तो घेऊन टपरीपर्यंत जातो, परत येतो, खुर्ची सरकवतो, उठतो. कालच एका पक्षकाराने विचारले, की तुमची तब्येत बरी नाही का. मी म्हणालो, बरी आहे.

पाऊस लागला की उघडा आवा चार महिने पेटत नाही. तोपर्यंत वहिनी येथे राहणार नाहीत. त्या गेल्या तर आमच्या गावात चाक फिरवणारे कोणी उरत नाही, आणि कुलपाआडची मडकी नासकी म्हणूनच राहतील, जी नासकी नाहीत.

करिता, ज्यांच्या हाती हे आहे त्या सर्वांस विनंती करण्यात येते, की पाऊस लागण्यापूर्वी कोणत्याही एका दिवशी, सरपंच, ग्रामसेवक आणि इच्छुक ग्रामस्थ यांच्या समक्ष, सदर मडकी कुलपातून काढून वहिनींच्या आव्यात एकदा भाजू द्यावीत. गोवऱ्या आणि तुराट्या आमच्या. आवा थंड झाल्यावर मडकी सर्वांसमोर भरावीत. पाणी उतरले नाही, किंवा उतरलेल्या पाण्यास वास आला, तर आवा कायमचा बंद करण्यास आमची हरकत राहणार नाही, आणि तसे मी माझ्या अक्षरात लिहून देण्यास तयार आहे. पाणी निवळ उतरले, तर ठराव रद्द करावा, आणि पीठ कोणी घातले हा प्रश्न कोणास विचारू नये. ही शेवटची अट अर्जदाराची नसून जिच्याकरिता अर्ज आहे तिची आहे, आणि त्या अटीशिवाय बाकीचा अर्ज तिला नको आहे.

होकार किंवा नकार, जे असेल ते लेखी कळवावे. तोंडी निरोप चालणार नाही. मी लिंबाखालीच आहे. नसलो तर टपरीकडे पाहावे.